वर चढण्याआधीची पंधरा मिनिटं

विट्याजवळच्या एका पोल्ट्री शेडवर सोलर पॅनेल बसवताना आमचा हेल्पर पत्र्यातून खाली गेला, तेव्हा त्या दिवसाचा फॉर्म माझ्या खिशात होता. 'छत तपासले : होय.' खाली सही माझी. शेडमध्ये भाताच्या तुसाचा जाड थर होता, म्हणून पोरगं मनगटावर निभावलं. वरून सगळे पत्रे सिमेंटचे दिसत होते. मधले उजेडासाठी घातलेले फायबरचे पत्रे धुळीनं त्याच रंगाचे झाले होते. आत जाऊन मान वर केली असती तर लगेच कळलं असतं. दुसऱ्या हेल्परला ते सकाळीच कळलंही होतं, पाणी भरायला तो आत गेला होता. "तू बोलला का नाहीस?" म्हटलं, तर म्हणाला, "तात्या, तुम्ही विचारलं कुठं?"

त्यानंतर मी पोरांना शिकवायची पद्धत बदलली. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी म्हटल्यावर गावोगाव छतांवर पॅनेल चढायला लागले. काम वाढलं तशी दर महिन्याला नवी पोरं येतात. आयटीआय केलेली असतात, हात चांगला असतो, पण धोका ओळखायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. तुमच्याकडे अशी दोन-चार जणांची टीम असेल, मग ती सोलरची असो, एसीची असो की सीसीटीव्हीची, तर पुढचं तुमच्यासाठी.

पहिला धडा : हत्यारं गाडीतच राहू द्या. साइटवर पोचल्यावर सगळ्यांनी रिकाम्या हातानं घराभोवती एक फेरी मारायची, शेड असेल तर आत जाऊन वर बघायचं, आणि मगच जिन्याला हात लावायचा. हातात ड्रिल असलं की माणसाला फक्त भोक कुठं पाडायचं तेवढंच दिसतं.

फेरी झाली की प्रश्न एकच : "इथं माणूस कशानं मरेल?" प्रश्न कडवट वाटतो, वाटू द्या. 'काय काय काळजी घ्याल?' असं विचारलं तर पोरं शाळेतलं उत्तर देतात. उत्तर द्यायचा क्रम मात्र उलटा ठेवा : सगळ्यात नवा हेल्पर आधी, मग फिटर, सुपरवायझर शेवटी. मी आधी बोललो की बाकीचे माना डोलावतात आणि विषय संपतो. सुरुवातीला नवं पोरगं लाजतं, "काही नाही तात्या, सगळं ठीक आहे" म्हणतं. मग मी जेवणाचा डबा उघडून बसतो. दोन मिनिटं कुणी बोललं नाही की काहीतरी निघतंच. एकदा टाकीमागचं आग्या मोहोळ असंच निघालं.

धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे आहेत, एवढी व्याख्या पुरे. घरावरून गेलेली ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन हा धोका. आपण तिच्याखाली २० फुटी जीआय (लोखंडी) पाइप उभा करणार की आडवा सरकवणार, यावर जोखीम ठरते. नियमानं ती लाइन छतापासून उभ्यात ३.७ मीटर आणि आडव्यात १.२ मीटर लांब हवी. पण पाइपच सहा मीटरचा आहे, तेव्हा नियमातलं अंतर आहे म्हणून निवांत राहू नका. आमचा हिशेब सोपा आहे : लाइनपर्यंतचं अंतर नजरेनंच ठरवायचं, टेप त्या बाजूला न्यायचा नाही, आणि ते हातातल्या सगळ्यात लांब वस्तूपेक्षा कमी वाटलं तर महावितरणकडून रीतसर शटडाऊन घेतल्याशिवाय काम नाही. ओळखीच्या वायरमननं फोनवर "बंद केलीय" म्हणणं म्हणजे शटडाऊन नव्हे. अशा घरी अॅल्युमिनियमची शिडीही गाडीतून उतरवायची नाही.

पुस्तकात जोखीम मोजायचं गुणाकाराचं कोष्टक असतं : किती इजा होईल त्याला एक ते पाच गुण, किती शक्य आहे त्याला एक ते पाच, आणि गुणाकार. मोठ्या कंपनीचं काम असेल तर ते भरून द्यावंच लागतं, द्या. पण पोरांना त्यातली गोम दाखवा. मृत्यूला पाच गुण, 'क्वचित' म्हणून शक्यतेला एक, गुणाकार पाच, रकाना हिरवा. आमच्यात तीनच उत्तरं चालतात : असंच करायचं, बदलून करायचं, आज करायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ 'बदलून करायचं' यावर घालवा. धोका दिसला की पोरं पहिलं बोलतात ते "हार्नेस लावू", म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा. मी म्हणतो, हार्नेस शेवटी. आधी सांगा, वर जायचं काम कमी होईल का? स्ट्रक्चर खाली जमिनीवर जोडून घेता येईल? सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय ठेवायचाच नाही, खालच्या कैच्यांना (छत पेलणाऱ्या सांगाड्याला) टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यावरून चालायचं. बोल्टच्या रांगेवरून चाललं की पत्रा फुटत नाही, हा समज आधी मोडून काढा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅसबेस्टॉस असतं, त्यावर ग्राइंडर चालवून धूळ उडवायची नाही, हेही इथंच सांगा.

आता हार्नेस. हा भाग मी गच्चीवर टेप घेऊनच शिकवतो. हार्नेसची दोरी दोन मीटरची. झटका शोषणारी पट्टी उसवली की जवळपास पावणेदोन मीटर वाढते. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय एक मीटर राखीव. बेरीज सहा मीटरच्या पुढं जाते. आणि आपलं एकमजली घर किती उंच? साडेतीन मीटर. म्हणजे हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आपटणार. हा हिशेब पोरांनी स्वतः केला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. अशा घरी दोरी आखूड बांधायची, इतकी की कठड्यापर्यंत पोचताच येऊ नये. दोरी कशाला बांधायची हेही त्यांनाच शोधू द्या. दहातले सात जण पाण्याच्या पाइपला बांधतात. आरसीसी कॉलम किंवा टाकीखालचा बीम मिळेपर्यंत शोधायचं.

दोरीवर लटकलेल्या माणसाला खाली कसं घेणार, हेही आधी ठरवा. हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहिल्यानं रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. १०८ ला फोन करून वाट बघण्याइतका वेळ नसतो. आम्ही ५० किलोचं वाळूचं पोतं लटकवून ते उतरवायचा सराव करतो. पहिल्या वेळी अर्धा तास लागला होता.

विजेचा धडा थोडक्यात, कारण वायरिंगवाल्या पोरांना वाटतं आपल्याला सगळं येतं. त्यांना मल्टिमीटर द्या आणि उन्हातल्या एका ५४० वॅटच्या पॅनेलचा व्होल्टेज मोजायला लावा : ५० च्या आसपास. मग विचारा, दहा एका ओळीत जोडले तर? पाचशे, आणि तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट. खाली एमसीबी पाडला, इन्व्हर्टर बंद केला, तरी ऊन आहे तोवर वरची वायर जिवंतच. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी लाइन तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरनं करंट शून्य आहे हे बघून मगच एमसीफोर, म्हणजे पॅनेलच्या वायरींचा जोड, उघडायचा.

शिडी : चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वरचं टोक कडेच्या तीन फूट वर, आणि बांधलेली. संपलं.

लिहायचं काय? एक पान, मराठीत, बोललं तसं. 'योग्य ती काळजी घ्यावी' हे वाक्य आमच्याकडे बाद आहे. 'पूर्वेकडचे तीन पत्रे फायबरचे, खडूनं फुली मारली, तिकडं जायचं नाही' असं लिहायचं, आणि ज्याला दिसलं त्याचं नाव पुढं. स्वतःचं नाव कागदावर बघून हेल्पर पुढच्या साइटवर न विचारता बोलतो. कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. जेवणानंतर पुन्हा पाच मिनिटं तोच कागद काढा, कारण दुपारपर्यंत वारा सुटलेला असतो, शिडी कुणीतरी हलवलेली असते. पॅनेल अडीच चौरस मीटरचं असतं, वाऱ्यात ते शिडासारखं ओढतं. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार वर जायचंच नाही.

शेवटी परीक्षा. माझ्या स्वतःच्या गच्चीवर मी नऊ चुका पेरून ठेवतो : सोललेली वायर, न बांधलेली शिडी, शेवाळ, कठड्यावर ठेवलेला पाना, अशा. पोरांना पंधरा मिनिटं देतो. सहा-सात सापडतात. नववी आजवर दोघांनाच सापडली : गच्चीच्या दाराची कडी जिन्याच्या बाजूनं आहे, आणि आम्ही वर असताना आमची आई सवयीनं ती लावून घेते.