पाण्याचा व्हेस्ट आणि सोलवटलेली काख

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या सरावात माझी डावी काख दर वेळी सोलवटून निघायची. आंघोळीचं पाणी लागलं की जीव कळवळायचा. व्हॅसलीन लावून पाहिलं, टी-शर्ट बदलून पाहिला, तेवढ्यापुरता आराम.

चूक खरेदीतच झाली होती. पळताना पाणी सोबत न्यायला व्हेस्ट असतो, म्हणजे पुढे बाटल्यांचे खिसे आणि पाठीवर पाण्याची पिशवी असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. तो मी टी-शर्टच्या मापावरून घेतला आणि रिकामाच घालून पाहिला. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. ते अंगावर आलं की सैल व्हेस्ट पावलागणिक उसळतो आणि त्याची शिवण कातडीवर घासत राहते.

दुसऱ्यांदा छातीचा घेर टेपने मोजला आणि एक माप लहान घेतलं. ५०० मिलीच्या दोन्ही मऊ बाटल्या भरून जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. आधी बाजूचे पट्टे आवळले, मग छातीवरचे, तेही छाती भरून श्वास घेतलेला असताना. पाठीवरच्या पिशवीतलं पाणी डचमळायचं, त्याचा उपाय तर किती सोपा निघाला! भरलेली पिशवी उलटी धरायची आणि पाणी प्यायच्या नळीतून आतली हवा तोंडाने ओढून घ्यायची.

आता तीन तास पळूनही काख शाबूत असते. उजवी बाटली अर्धी झाली की खिशात खाली सरकते, तेवढं अजून जमवतोय.