कार्यालयाचे दप्तर नव्या जागेत हलवताना

कार्यालय हलवायचे ठरले की टेबल-खुर्च्या, संगणक आणि वीजजोडण्यांचा विचार आधी होतो आणि रेकॉर्ड रूम शेवटच्या आठवड्यात हमालांच्या हवाली केली जाते. वास्तविक हे बहुतेक काम पहिले खोके उचलण्यापूर्वी कागदावर पूर्ण झालेले असावे. कोणते खोके नव्या जागेत कोणत्या फळीवर जाणार हे ठरल्याखेरीज वाहतुकीची तारीख नक्की करू नये.

सुरुवात मोजणीने करावी. फाइलींची संख्या मोजत बसण्याऐवजी त्यांनी व्यापलेली फळीची लांबी मीटरमध्ये मोजावी, कारण नव्या रॅकची मागणी याच मापाने करायची असते. कपाटांच्या माथ्यावरचे गठ्ठे आणि टेबलांच्या खणांतील कागदही मोजणीत धरावेत. विभागांनी नेलेल्या फाइली परत मागवाव्यात आणि ज्या मिळत नाहीत त्यांची नोंद, शेवटी कोणाकडे गेल्या होत्या यासह, तेव्हाच करून ठेवावी. नाहीतर वर्षानुवर्षे गहाळ असलेली प्रत्येक फाइल ‘शिफ्टिंगमध्ये हरवली’ या सदरात जमा होते.

जतन करण्याची मुदत संपलेले कागद नव्या जागेत नेण्यात अर्थ नाही. त्यांची यादी करून, लेखी मंजुरी घेऊन ते नष्ट करावेत. गोपनीय कागद मात्र रद्दीत न देता त्यांचे बारीक तुकडे करावेत. ज्या विषयावर न्यायालयीन प्रकरण, लेखापरीक्षण किंवा चौकशी चालू आहे, त्याच्या कागदांना मुदत संपली तरी हात लावू नये. ‘एवीतेवी फाइली काढतोच आहोत, तर स्कॅनिंगही उरकून घेऊ’ हा मोह टाळलेला बरा, कारण स्कॅनिंग आपल्या गतीने चालते आणि जुनी जागा सोडण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही.

नवी जागा पाहताना सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा. नेहमीच्या 80 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) ए-4 कागदाचे 500 पानांचे रीम सुमारे 5 सेंटिमीटर जाड आणि अडीच किलो वजनाचे असते. म्हणजे एक मीटर फळी कागदाने ठासून भरली की तिच्यावर सुमारे 50 किलो भार येतो आणि सहा फळ्यांच्या रॅकवर 300 किलो. फाइलींमध्ये पोकळी राहत असल्याने प्रत्यक्ष भार थोडा कमी भरतो, पण असे रॅक ओळीने उभे राहणार असल्याने जमीन तो भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. रुळांवर सरकवून एकमेकांना चिकटवता येणाऱ्या रॅकच्या बाबतीत तर हे अनिवार्यच समजावे. छतावरून पाण्याची पाइपलाइन जात नाही ना, हेही पाहावे. नुकत्याच गिलावा केलेल्या भिंतींतील ओल महिनोन्‌महिने टिकते आणि हवेतील आर्द्रता दीर्घकाळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू शकते, म्हणून दप्तर नेण्यापूर्वी काही आठवडे आर्द्रतामापक लावून नोंदी घ्याव्यात. पुढे वाढणाऱ्या फाइलींसाठी सुमारे एक पंचमांश फळ्या मोकळ्या ठेवाव्यात.

मुख्य यादीत प्रत्येक खोक्याची एक ओळ असावी: खोके क्रमांक 214, जुनी जागा कपाट 9 फळी 2, नवी जागा खोली 2 रॅक 7 फळी 3, आतील फाइली अमुक ते अमुक. खोक्याच्या बाहेर, अरुंद बाजूवर, फक्त क्रमांक आणि नवी जागा लिहावी. ‘विभागीय चौकशी’ असे लिहिणे म्हणजे वाटेत उघडून पाहण्याचे आमंत्रणच. खोकी एका माणसाला सहज उचलता येतील एवढीच भरावीत. मोठे नकाशे घडी न घालता सपाट किंवा गुंडाळून न्यावेत आणि हार्ड डिस्कची प्रत घेऊन मूळ व प्रत वेगवेगळ्या गाड्यांतून पाठवाव्यात.

गाडी बंद आणि कुलूपबंद असावी. निघताना व पोहोचल्यावर खोक्यांची मोजणी होऊन दोन्हीकडे सह्या व्हाव्यात. तातडीने लागणाऱ्या फाइली सर्वांत शेवटी हलवून सर्वांत आधी उघडाव्यात आणि मधल्या काळात फाइलीची मागणी आल्यास ती कोणी शोधून द्यायची, हे नावानिशी ठरवून सर्व विभागांना कळवावे.

खोकी लागली की यादीशी ताळा करावा आणि काही खोकी उघडून आतील फाइलीही तपासाव्यात. हा ताळा जुळेपर्यंत जुन्या जागेचा ताबा सोडू नये. जुन्या-नव्या जागांची ती यादी पुढेही जपावी, कारण जुन्या टिपणांत आणि पत्रांत ‘कपाट 9’ असाच उल्लेख सापडत राहणार आहे.