झेडएफएसवर फाईल क्लोन करण्याआधी आवृत्ती बघा

ओपनझेडएफएस (झेडएफएस या फाईल सिस्टमची मुक्त आवृत्ती) २.२.० मध्ये ब्लॉक क्लोनिंग (डेटा पुन्हा न लिहिता जुन्याच ब्लॉक्सकडे बोट दाखवणारी कॉपी) आलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉपी केलेल्या काही फाईल्समध्ये मधलेच तुकडे शून्यांनी भरलेले सापडले. मूळ दोष जुनाच होता, क्लोनिंगमुळे तो जास्त वेळा दिसू लागला. नुकतीच लिहिलेली फाईल डिस्कवर उतरण्याआधीच कॉपी झाली, तर झेडएफएस क्वचित 'इथे डेटा नाही, पोकळी आहे' असं सांगायचं. लिनक्सवरच्या मूलभूत आज्ञांच्या 'कोअरयुटिल्स' या संचातला (आवृत्ती ९) कॉपी करणारा 'सीपी' त्यावर विश्वास ठेवून तो भाग वगळायचा.

म्हणून आधी 'झेडएफएस व्हर्जन' ही आज्ञा द्या. दोन ओळी येतात. त्यातली 'केमॉड'ची (कर्नलमध्ये चालणाऱ्या मॉड्यूलची) ओळ महत्त्वाची, कारण पॅकेज अपडेट झालं तरी रीबूट होईपर्यंत जुनंच मॉड्यूल चालू असतं. २.२ मालिकेत २.२.२ च्या किंवा २.१ मालिकेत २.१.१४ च्या खालची आवृत्ती असेल तर लगेच अपडेट करा. फक्त २.२.१ वर थांबू नका. तिच्यात क्लोनिंग बंद केलं होतं, मूळ दोष तसाच होता. अपडेट होईपर्यंत 'झेडएफएस_डीएमयू_ऑफसेट_नेक्स्ट_सिंक' हे सेटिंग शून्य ठेवा. त्याने धोका खूप कमी होतो, पूर्ण जात नाही.

स्क्रबवर (सगळा डेटा वाचून तो चेकसमशी, म्हणजे पडताळणीच्या आकड्याशी, ताडणाऱ्या तपासणीवर) मात्र विसंबू नका. झेडएफएसच्या लेखी प्रतीतला तो भाग मुळात रिकामाच असल्याने चेकसम बरोबरच येतो. मूळ फाईल आणि प्रत 'सीएमपी' या आज्ञेने ताडून पाहा, मगच मूळ फाईल पुसा.