पाठ टेकली की छाती धडधडते, तेव्हा

दिवसभर ज्या हृदयाची आठवणही होत नाही, ते दिवा मालवला की कानात वाजायला लागतं. माझ्या कितीतरी रात्री यात गेल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगते: पुष्कळदा ठोके वाढलेले नसतात, नुसते जाणवत असतात. आजूबाजूला शांतता, कान उशीला टेकलेला. त्यात डाव्या कुशीवर असलात तर हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं. म्हणून आधी कूस बदला.

मग श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत घ्या, सहा ते आठ मोजत सावकाश सोडा. लक्ष सोडण्यावर हवं, कारण श्वास बाहेर जाताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो आणि ठोके खरोखर मंदावतात. श्वास कोंडून धरू नका. आधीच घाबरलेल्या माणसाला त्याने गुदमरल्यासारखं होतं. निदान पाच मिनिटं हे करा, आणि तेवढ्यात नाडी मोजू नका. मनगटावरचं स्मार्टवॉच तर काढूनच ठेवा. आकडा बघून भीती वाटते, भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढतं, पुढचा आकडा आणखी मोठा येतो.

अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठा. मंद उजेडात खुर्चीवर बसून एखादं संथ पुस्तक वाचा, डोळे जडावले की परत या. उबदार पांघरुणातून उठणं जिवावर येतं, तरी उठाच. तळमळण्याची जागा म्हणून अंथरुणाची सवय जडली, की ते नुसतं दिसल्यावरही धडधड सुरू होते. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ मात्र बदलायची नाही.

चहा-कॉफी दुपारनंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्री मोडते.

हे सगळं करण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटा. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तरी छाती अशीच धडधडते. रक्ततपासणी आणि ईसीजीने बरंच कळतं. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तर श्वास मोजत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आठवड्यातून तीन-चार रात्री अशाच जात असतील आणि तीन महिने उलटले असतील, तर निद्रानाशासाठीच्या सीबीटीबद्दल, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराबद्दल, विचारा. झोपेच्या गोळीआधी हा उपचार सुचवला जातो.