ब्लोअरचा आवाज स्पेक्ट्रममध्ये कसा वाचायचा

स्पेक्ट्रम म्हणजे आवाजात कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारा आलेख. शिरोलीच्या फाउंड्रीतला मोटरला थेट जोडलेला ब्लोअर घ्या. टॅकोमीटरवर वेग २८८० आरपीएम, म्हणजे ६० ने भागून ४८ हर्ट्झ. पंख्याला ८ पाती असतील तर पात्यांचा सूर ३८४ हर्ट्झवर.

४४१०० सॅम्पल रेटवर (सेकंदाला इतके नमुने) ३० सेकंद रेकॉर्ड करा. हवेचा झोत माइकवर नको. लाटेचे शेंडे कापले गेले तर स्पेक्ट्रममध्ये खोटे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर) उगवतात; लेव्हल कमी करून पुन्हा घ्या.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर वेगाचा भाग निवडून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, विंडो या पर्यायात हॅन ठेवा. बहुतेकांची चूक साइजमध्ये (एका वेळी किती नमुने तपासायचे त्यात) होते. २०४८ वर दोन बिंदूंमधलं अंतर २१.५ हर्ट्झ, त्यात ९६ हर्ट्झ (वेगाची दुप्पट) आणि १०० हर्ट्झ (५० हर्ट्झ विजेची दुप्पट) एकाच ढिगात जातात. ६५५३६ घेतल्यास ०.६७ हर्ट्झ, दोन्ही शिखरं सुटी दिसतात.

१०० हर्ट्झचं शिखर विजेचं की यांत्रिक? रेकॉर्डिंग चालू असताना मोटर बंद करा आणि स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार बदलणारा स्पेक्ट्रम) बघा. विजेची रेघ तत्क्षणी तुटते, यांत्रिक रेघ वेगाबरोबर खाली उतरत जाते. मोबाइलचा माइक ५० हर्ट्झच्या आसपास कमजोर असतो, त्यामुळे ४८ हर्ट्झवर दिसणाऱ्या पंख्याच्या असमतोलाचा निर्णय बेअरिंगवर व्हायब्रेशन सेन्सर लावूनच घ्या.