दुर्मीळ जर्मन आडनावाचा माग काढताय? या चुका टाळा

आपण पोलिश सरदारांचे वंशज आहोत, असं तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे मोठ्या ऐटीत सांगायचा. पुढे त्याच्या घराण्याच्या पिढ्या कागदोपत्री धुंडाळल्या गेल्या, तर जिकडेतिकडे जर्मन नावंच निघाली. सरदार कुठेच नव्हता. गंमत अशी, की आडनाव खरोखरच स्लाव वळणाचं आहे. निकोलाउस या संताच्या नावाचं, पूर्वेकडच्या जर्मन आणि स्लाव बोलींच्या शेजारात घडलेलं हे लाडकं रूप. नित्शे, नित्शके हे त्याचेच भाऊबंद. फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोझेचं ‘क्लोझे’सुद्धा निकोलाउसचंच, सायलेशियातलं, म्हणजे आज बहुतांश पोलंडमध्ये असलेल्या जुन्या जर्मन प्रदेशातलं. नावाचं मूळ स्लाव असलं म्हणून माणूस पोलिश ठरत नाही आणि सरदार तर नाहीच नाही. एवढा मोठा विचारवंत जिथे फसला, तिथे संकेतस्थळावर आडनाव टाकून दोन सेकंदांत ‘अर्थ’ मिळवणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय!

कुणाला जर्मनीतल्या सहकाऱ्याच्या आडनावाचं कुतूहल असतं, कुणाकडे जर्मन सून किंवा जावई आलेला असतो. कारण काहीही असो, चुका बहुतेक त्याच त्या होतात.

शब्दकोश उघडण्याची घाई

सगळ्यात मोठी चूक हीच. आजच्या जर्मन शब्दकोशात शब्द सापडला, की अर्थ लागला असं वाटतं. पण आडनावं घडली ती बहुतेक बाराव्या ते पंधराव्या शतकात, त्या वेळच्या भाषेत आणि त्या त्या गावच्या बोलीत. ‘शूबर्ट’ हा शब्द आजच्या कोशात मिळणारच नाही. मध्ययुगीन जर्मनमधल्या ‘शुओखवुर्ख्टे’चं, म्हणजे जोडे बनवणाऱ्याचं, ते झिजलेलं रूप आहे. उलट ‘क्योनिग’ कोशात लगेच सापडतं, अर्थ ‘राजा’, आणि तिथेच घात होतो. हे नाव राजाच्या चाकरीतल्या माणसाला पडलं, उत्सवात राजाचं सोंग घेणाऱ्याला पडलं, किंवा उगाच राजासारखा मिरवणाऱ्याला लोकांनी चिकटवलं. राजाच्या घरी आडनावाची गरज कुणाला होती?

काही आडनावं तर अख्खी वाक्यंच असतात. ‘श्लागिनहाउफेन’ म्हणजे ‘घुस त्या घोळक्यात आणि हाण’. कुण्या भांडखोराला किंवा शिपायाला गावानं दिलेलं हे टोपणनाव असणार. ‘श्लागिंटवाइट’ हे अतिशय दुर्मीळ आडनावही ‘हाण’ म्हणणाऱ्या त्याच ‘श्लाग’नं सुरू होतं. हे आडनाव लावणारे म्युनिकचे तीन भाऊ, हेरमान, आडोल्फ आणि रोबेर्ट, १८५४ साली मुंबईत उतरले, दख्खन ओलांडून मद्रासला गेले आणि पुढे हिमालयात शिरले. आडोल्फला १८५७ मध्ये काशगरमध्ये ठार मारण्यात आलं. अशा नावाचे तुकडे करून प्रत्येकाचा सुटा अर्थ लावत बसलात, तर हाती काहीच लागत नाही. ते एका दमात वाचावं लागतं.

गाव शोधल्याशिवाय अर्थ नाही

जर्मन ‘-अर’ प्रत्यय बऱ्याचदा आपल्या ‘-कर’सारखा वागतो. ओपनहाइमर म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या ओपनहाइमचा, सरळ ओपनहाइमकर. आणि जसं साताऱ्यातच राहणाऱ्याला ‘सातारकर’ म्हणून कुणी ओळखत नाही, तसंच तिथलंही आहे. माणूस गाव सोडून गेला, की ते नाव चिकटतं. म्हणून आडनावातलं गाव हे पूर्वजांचं शेवटचं ठिकाण नसतं, सोडलेलं ठिकाण असतं.

रॉकफेलर घराण्याबद्दल फ्रेंच उमरावांची कहाणी बरीच वर्षं फिरत होती. प्रत्यक्षात मूळ आडनाव रॉकेनफेलर, ऱ्हाइनलँडमधल्या नॉयवीडजवळच्या रॉकेनफेल्ड या छोट्या गावावरून आलेलं. अठराव्या शतकात कुटुंब अमेरिकेत गेलं आणि उच्चार तिथल्या जिभेला सोपा झाला. ह्यूबरचं हूवर झालं, आयझेनहाउअरचं आयझेनहॉवर, तसंच हे.

गावातही एक खोच आहे. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात आडनाव माणसाचं नसे, शेतवाडीचं असे. वाडीच्या वारस मुलीशी लग्न करून कुणी घरजावई झाला, की तो वाडीचं नाव लावी. कागदात ‘अमुक, गेनाण्ट तमुक’ असं येतं. गेनाण्ट म्हणजे ‘म्हणून ओळखला जाणारा’. बाप-मुलाची आडनावं वेगळी दिसली, की लोक नोंद चुकीची समजून सोडून देतात. सोडू नका. नेमका तिथेच धागा असतो.

एकच वर्णलेखन धरून बसणं

जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सगळीकडे सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली. त्याआधी नोंदी चर्चच्या वह्यांमध्ये होत, आणि पाद्री कानावर पडेल तसं लिही. मार्टिन ल्यूथर स्वतः १५१७ च्या सुमारापर्यंत ‘लुडर’ अशी सही करायचा. सॅक्सनी-फ्रँकोनियात ब-प, ड-ट, ग-क यांची सर्रास अदलाबदल होते, म्हणून बाउअर आणि पाउअर एकच असू शकतात. दक्षिणेत म्युलरचा उच्चार ‘मिलर’ होतो, म्हणजे बव्हेरियातला प्रत्येक मिलर अमेरिकेहून परतलेला नव्हे.

शोध शून्यावर आला, तर या गोष्टी तपासा. जुन्या छापील लिपीतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘कुरेंट’ या जुन्या जर्मन हस्ताक्षरात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे असतात. जुन्या नोंदींची सूची करणाऱ्यांनी चुकीचं वाचलं, की नवंच आडनाव जन्माला येतं. बायकांच्या आडनावांना पूर्वी ‘-इन’ जोडत: कार्श कुटुंबातली कवयित्री आना लुईझा ‘कार्शिन’ म्हणूनच ओळखली गेली. तुम्हाला सापडलेलं ‘दुर्मीळ’ आडनाव ‘-इन’नं संपत असेल, तर आधी तेवढं झाकून पाहा. शिवाय विद्वान मंडळी लॅटिन-ग्रीक पोशाख चढवत. नकाशाकार मर्केटर घरचा क्रेमर, आणि ल्यूथरचा सहकारी मेलांख्टन मूळचा श्वार्ट्झएर्ड, म्हणजे ‘काळी माती’.

‘फॉन’, कुलचिन्ह आणि धर्म

‘फॉन’ दिसला की उमराव, हे समीकरण उत्तर जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये सपशेल आपटतं. तिथे अनेक साध्या शेतकऱ्यांच्या नावातही तो ‘-चा, -हून’ एवढ्याच अर्थानं येतो. कपावर किंवा चौकटीत छापून मिळणारं ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ तर शुद्ध धंदा आहे. कुलचिन्ह एका विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे. ‘-बेर्ग’, ‘-श्टाइन’ किंवा ‘-टाल’ ऐकून माणसाला ज्यू ठरवणंही तितकंच कच्चं. नाझी विचारसरणीचा प्रमुख सिद्धांतकार आल्फ्रेड रोझेनबेर्ग होता, एवढं आठवलं तरी पुरे.

लोकप्रियतेचे आकडे

जगभरातले नेमके आकडे देणारी संकेतस्थळं ते कुठून आणतात, हे बहुधा सांगत नाहीत. जर्मनीसाठी अभ्यासकांनी केलेला आडनावांचा नकाशासंग्रह २००५ च्या घरगुती दूरध्वनी जोडण्यांवर उभा आहे. एक जोडणी म्हणजे एक घर, एक माणूस नव्हे. पन्नास जोडण्या पाहून ‘जगात फक्त पन्नास लोक’ असं लिहिणारे महाभाग आहेतच.

नकाशाही फसवतो. नुसती संख्या दाखवणाऱ्या नकाशात बर्लिन आणि हॅम्बुर्ग नेहमीच गडद दिसणार, कारण तिथे माणसंच जास्त. दर लाख किंवा दहा लाख लोकांमागचं प्रमाण दाखवणारा नकाशा घ्या. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सायलेशिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड वगैरे भागांतून सुमारे १.२ कोटी जर्मनांना घर सोडावं लागलं, हे डोक्यात ठेवा. सायलेशियाचं आडनाव आज बव्हेरियात दाट दिसत असेल, तर तो निर्वासितांच्या वसाहतीचा नकाशा असू शकतो, उगमाचा नाही. म्हणून त्याआधीचा पुरावा लागतो. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हानी-याद्या स्वयंसेवकांनी सूचीबद्ध केल्या आहेत. मृत, जखमी, बेपत्ता मिळून ८० लाखांहून अधिक नोंदी, आणि बऱ्याच नोंदींसोबत गावाचं नाव. दुर्मीळ आडनावासाठी याहून कामाची गोष्ट मी पाहिलेली नाही.

म्युलरसारख्या नावाला मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही, ते सगळीकडेच आहे. पुण्या-मुंबईत ज्याच्या नावाची ‘भवनं’ आहेत, त्या फ्रीडरिश माक्स म्युलरनंही नुसतं म्युलर फारच सामान्य म्हणून ‘माक्स’ आडनावात सामील करून घेतलं होतं.

गाव सापडलं, की चर्चच्या वह्यांकडे वळा. बऱ्याच कॅथलिक वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, प्रोटेस्टंट वह्यांसाठी ‘आर्खिओन’ या संकेतस्थळाला पैसे मोजावे लागतात. तिथेही अडलात, तर बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या धर्मपित्यांची आणि धर्ममातांची नावं वाचा. बहुधा ते मामा, काका, आत्या किंवा शेजारी असतात, आणि एखादा तरी त्याच आडनावाचं जुनं वर्णलेखन घेऊन बसलेला सापडतो.