बाबांच्या कष्टाच्या आयुष्यावर लिहायचं असेल तर

घरातलं कर्तं माणूस 80-85 वर्षं जगून गेलं की कुणातरी एकाच्या गळ्यात पडतं, तुला लिहिता येतं ना, मग बाबांवर चार ओळी लिही. आणि त्या चार ओळींत हमखास येतं ते "कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबासाठी झिजले". खोटं काहीच नाही त्यात, पण हे कुणाच्याही बाबांबद्दल लिहिता येतं, त्यामुळे वाचून माणूस डोळ्यासमोर येत नाही. माझं सरळ म्हणणं आहे, विशेषणं बाजूला ठेवा आणि कामापासून सुरुवात करा, कारण ज्याचं अर्धंअधिक आयुष्य कामावर गेलं त्याचं काम सोडून बाकी सगळं लिहिलं तर उरतं काय.

काम म्हणजे नुसता हुद्दा नाही. "फिटर होते" एवढ्याने काही कळत नाही. पाळी कुठली असायची, घरातून किती वाजता निघायचे, नाइट करून आल्यावर दिवसा झोप लागायची का आणि तेव्हा आई पोरांना कशी गप्प बसवायची, कुठलं काम कुणालाच जमलं नाही की यांना बोलवायचे, असं सगळं लिहा. आमचे आजोबा वर्कशॉपमध्ये होते, बोटांच्या भेगांतलं काळं ऑइल रिटायर झाल्यावरही कितीतरी दिवस निघालं नव्हतं, आणि घरातला पंखा जरा वेगळा आवाज करायला लागला की मान वर न करता सांगायचे, बेअरिंग गेलंय. या एका गोष्टीतून ते जेवढे कळतात तेवढे "कामात हुशार होते" लिहून कळणार नाहीत.

माहिती गोळा करताना आधी त्यांच्यासोबत काम केलेल्यांना गाठा. घरच्यांना नंतर विचारता येतं, पण ही माणसंही थकलेली असतात, आज उद्या करत राहिलात तर राहूनच जातं, आणि बाबा घरी कधीच न बोललेल्या गोष्टी त्यांनाच माहीत असतात, म्हणजे अपघात, संप, कुणाची नोकरी वाचवण्यासाठी साहेबासमोर उभं राहणं वगैरे. बाबा स्वतः अजून असतील तर मग आजच बसा त्यांच्याजवळ. म्हातारपणी साधारण 10 ते 30 वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, म्हणून पहिला पगार, पहिली खोली, लग्न, पहिलं मूल इथून विचारायला लागा. "आयुष्य कसं गेलं?" विचारलंत तर "गेलं चांगलं" एवढंच उत्तर येईल. "पहिला पगार हातात आला तेव्हा कुणाला दिला?" असं विचारा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून, रेकॉर्डिंग चालू करून जवळ ठेवा, पंखा-टीव्ही बंद, एका वेळेला तासाभरापेक्षा जास्त नको, आणि ते बोलता बोलता थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बऱ्याचदा महत्त्वाचं त्यानंतरच येतं.

साल विचारून नीट आठवत नाही कुणालाच. "ताई तेव्हा शाळेत जायला लागली होती का?" असं प्रसंगाला जोडून विचारलं की बरोबर आठवतं. मग कागदांशी ताडून बघा, नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे कागद, युनियनचं कार्ड, आणि बँकेचं जुनं पासबुक तर अजिबात टाकू नका. त्यात कुठल्या महिन्यात सगळे पैसे काढले आणि नंतर थोडे थोडे करत परत कसे भरले ते दिसतं, कुणाच्या तरी फीसाठी, कुणाच्या तरी आजारपणासाठी, आणि घरच्यांवरचा जीव याच्याइतका स्पष्ट दुसऱ्या कशात क्वचितच दिसतो. आईचं नाव "त्यांना साथ दिली" एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकू नका, त्या पगारात घर चालवणं हे सुद्धा पूर्ण वेळचं कामच होतं, तेही तितकंच नीट लिहा.

रागीट होते, पीत होते, ओव्हरटाइममुळे मुलांच्या वाट्याला आले नाहीत, असलं काही असेल तर काय करायचं? स्मरणसभेत बोलताना सगळं सांगायची गरज नाही, पण घरात ठेवायच्या लिखाणात भावंडांना विचारून लिहावं असं मला वाटतं, नाहीतर नातवंडांना फोटोतला देव मिळतो, आजोबा मिळत नाहीत. आणि त्यांच्या तोंडी छान छान वाक्यं रचून घालू नका, ते खरंच जे म्हणायचे तेच आणि त्यांच्याच बोलीत लिहा.

लिहायला बसल्यावर प्रत्येक वर्षाला सारखी जागा द्यायची नाही. चार-पाच प्रसंग भरपूर सांगा आणि मधली वर्षं एका ओळीत जाऊ द्या. सभेत बोलायचं असेल तर पाचएकशे शब्द पुरतात, आधी मोठ्याने वाचून बघा, जिथे आवाज अडकेल तिथे छोटी वाक्यं करून ठेवा.

फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुने कागद लॅमिनेट करू नका, ते परत सोडवता येत नाहीत. छोटे फोटो 600 डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग) स्कॅन करा आणि सगळ्याच्या तीन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. छापायच्या आधी कच्चं लिखाण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला वाचून दाखवा, नावं आणि नाती तिथेच दुरुस्त होतात आणि "अरे, हे राहिलंच की" म्हणून एखादी नवी गोष्टही निघते, तिच्यासाठी रेकॉर्डिंग चालू ठेवा.